बेंच प्रेस आठ महिन्यांपासून ६० किलोवर अडला आहे. ध्येय कसे ठरवावे आणि कच्ची बाजू कशी शोधावी?

पैनगंगाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठावरच्या एका गावात राहतो आणि तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात नोकरी करतो. माझे वय २७, उंची ५ फूट ७ इंच आणि वजन ६६ किलो आहे. दुकान सुटले की सायंकाळी सहा ते सव्वासात या वेळेत मी तिथल्याच जिममध्ये जातो. जिम म्हणजे पत्र्याचे एक लांबट शेड आहे आणि त्यात दोन बेंच, एक स्क्वॉट स्टँड, तीन रॉड, बिडाच्या प्लेट्स आणि २० किलोपर्यंतचे डंबेल्स एवढे साहित्य आहे. शिकवणारे कोणी नाही. मालक कुलूप उघडून देतात आणि आपल्या कामाला जातात, त्यामुळे जे शिकलो ते सोबतच्या मुलांकडे आणि मोबाइलवर पाहून शिकलो.

दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा नुसता रॉड उचलताना हात थरथरत असत. पहिल्या वर्षभरात बेंच प्रेस (बेंचवर उताणे पडून रॉड छातीपासून वर ढकलणे) ६० किलोपर्यंत आला आणि गेले आठ महिने तो तिथेच आहे. ६० किलोच्या सहा रेप्स, म्हणजे सलग सहा वेळा उचलणे, कोणत्याही दिवशी निघतात, परंतु ६५ लावले की कशीबशी एक निघते, आणि पुष्कळदा तीही न निघाल्यामुळे सोबत्याला रॉड उचलून घ्यावा लागतो. गेल्या वर्षी मी वहीच्या पहिल्या पानावर ‘दिवाळीपर्यंत ८० किलो’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. दिवाळी आली आणि गेली, आकडा हलला नाही, आणि त्यानंतर ती वही उघडावीशीच वाटली नाही.

दुसरी अडचण पायांची आहे. लहानपणी गावच्या आखाड्यात बैठका भरपूर मारल्या असल्याने माझे पाय मजबूत आहेत असेच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ५० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन खाली बसून उठणे) करतानाही माझ्या टाचा उचलल्या जातात आणि अंग पुढे झुकते, म्हणून पायांचा दिवस मी बहुतेक आठवड्यांत टाळतो. डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून उभे राहणे) ७० किलोचा केला की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. शिवाय बेंच प्रेस करताना उजव्या खांद्याला पुढच्या बाजूने कळ येते.

ध्येय ठेवायचे तर ते कसे ठेवावे, म्हणजे ते दिवाळीच्या आकड्यासारखे अंगावर येणार नाही? आणि शिकवणारा कोणी नसताना आपण नेमके कुठे कच्चे आहोत हे माणसाने कसे ओळखावे? मी मनापासून विचारतो आहे, कारण व्यायाम सोडून द्यायची माझी इच्छा नाही.

जुनी तालीम (निवृत्त क्रीडाशिक्षक, अमरावती जिल्हा)

भाऊ, तुम्ही आकडे लिहून दिलेत हे फार बरे केलेत, कारण निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. उचललेल्या वजनाला रेप्सच्या संख्येने गुणावे, ३० ने भागावे आणि आलेले उत्तर मूळ वजनात मिळवावे, म्हणजे आपल्याला एकदाच उचलता येईल अशा वजनाचा अंदाज येतो. हे अमेरिकी प्रशिक्षक एप्ली यांचे सूत्र आहे आणि दहाच्या आतल्या रेप्ससाठी ते कामापुरते बरोबर निघते. तुमच्या ६० किलोच्या सहा रेप्स म्हणजे ६० अधिक १२, म्हणजे ७२ किलो. ज्याची ताकद ७२ किलोची आहे त्याला ६५ किलोच्या तीन रेप्स निघायला हव्यात, आणि तुम्हाला एक निघते किंवा तीही निघत नाही. धास्तीने थोडा फरक पडू शकतो, एवढा पडू नये. माझा संशय तुमच्या रॉडवर आहे. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा असतो म्हणून सगळे जण आपलाही रॉड २० किलोचा धरतात, परंतु लहान गावांतल्या जिममधल्या रॉडचे वजन किती भरेल याचा काही नेम नसतो, आणि बिडाच्या प्लेटवर १० उमटलेले असले तरी ती १० ची असतेच असे नाही. तुमच्या कृषी केंद्रात प्लॅटफॉर्म काटा असेलच. एका रविवारी तिन्ही रॉड आणि सगळ्या प्लेट्स काट्यावर घाला, आणि ते झाल्याखेरीज पुढचे कोणतेही ध्येय ठरवू नका.

दुसरी गोष्ट, ६० वरून ६५ ही उडी आठ टक्क्यांहून अधिक आहे. दोन वर्षे व्यायाम केलेल्या माणसाच्या छातीची ताकद एका सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत आठ टक्क्यांनी वाढत नाही. मोठ्या शहरातल्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स असतात. तुमच्याकडे सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे, आणि ती दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो चढतात. वेल्डिंगच्या दुकानातून ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या, १२ सेंटीमीटर व्यासाच्या, मध्ये २८ मिलिमीटरचे भोक असलेल्या दोन चकत्या कापून घ्या. अशी एक चकती जवळपास अर्ध्या किलोची भरते, म्हणजे जोडी लावली की एकच किलो वाढतो. भोक पाडण्याआधी रॉडची जाडी मात्र मोजून न्या. एवढ्याशा लोखंडासाठी लोक वर्ष वर्ष अडून बसलेले मी पाहिले आहेत.

आता ध्येयाविषयी. ‘दिवाळीपर्यंत ८०’ हा आकडा तुम्ही कशावरून काढला होता? बहुधा तो गोल होता आणि ऐकायला चांगला वाटत होता, एवढेच त्याचे कारण असेल. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडलेले म्हणणे असे होते की ‘जमेल तेवढे कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय दिले तर माणूस अधिक चांगले काम करतो, आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत त्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. परंतु त्यांच्याच मांडणीत हेही आहे की आपण कुठवर आलो हे माणसाला वेळोवेळी कळत राहिले पाहिजे आणि ते ध्येय त्याला स्वतःला पटलेले असले पाहिजे. तुमच्या ८० च्या आकड्यात वाटेतले एकही ठिकाण नव्हते. पहिल्या महिन्यात आपण मागे पडतो आहोत हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता, आणि ते कळले ते एकदम दिवाळीला.

माझे शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झाले. ही संस्था १९१४ साली सुरू झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तिथे मल्लखांब शिकताना आमचे शिक्षक अमुक महिन्यात अमुक उडी आली पाहिजे असे कधी म्हणाले नाहीत. ते खांबाशेजारी उभे राहत आणि अढी (पायांनी खांबाला घातलेली पकड) नेमकी कुठे सुटते ते पाहत. मांडीतून सुटते की घोट्यातून, हे एकदा दिसले की पुढचे पंधरा दिवस तेवढेच काम मिळे. कच्ची बाजू शोधण्याची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

तुम्हीही तसेच पाहू शकता. मोबाइल बेंचच्या उंचीवर, बाजूने, कशाला तरी टेकवून ठेवा आणि शेवटच्या सेटचे (सलग केलेल्या रेप्सच्या शेवटच्या फेरीचे) चित्रण करा. रॉड छातीपासून सुटल्यावर दोन-तीन इंचांतच अडत असेल, तर तळातली ताकद आणि मांडणी कच्ची आहे: पाठीचे फरे मागे आवळलेले नसतात, पाय जमिनीवर रोवलेले नसतात आणि रॉड छातीवर आपटून वर येत असतो. त्यावर उपाय म्हणजे वजन थोडे उतरवून, प्रत्येक रेपला रॉड छातीवर एक सेकंद थांबवून मग वर नेणे. रॉड अर्ध्याच्या वर जाऊन, कोपर सरळ होण्याआधी अडत असेल, तर ट्रायसेप्स (दंडाच्या मागचे स्नायू) कमी पडतात आणि पकड जवळ घेऊन केलेला बेंच प्रेस तिथे उपयोगी पडतो. खांद्याची कळही त्याच चित्रणात पाहा. कोपरे अंगापासून पूर्ण काटकोनात उघडी पडत असतील तर ती अंदाजे ४५ ते ६० अंशांपर्यंत आत घ्या, आणि बेंच प्रेसच्या जेवढ्या सेट्स कराल, निदान तेवढ्याच पाठीच्या, म्हणजे वजन अंगाकडे ओढण्याच्या व्यायामाच्या करा.

पायांविषयी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. आखाड्यातल्या बैठकीत आपण खाली जाताना टाचा उचलतो आणि चवड्यांवर भार घेतो. तिथे ते बरोबरच आहे, पण तीच सवय खांद्यावर रॉड घेतल्यावर आड येते. म्हणजे तुमच्या बैठका वाया गेलेल्या नाहीत, त्यांनी शरीराला एक वेगळी वाट शिकवली आहे. मात्र टाच उचलण्याचे कारण निव्वळ सवय आहे की घोटा आखडला आहे, हे तपासले पाहिजे. भिंतीसमोर एक गुडघा वाकवून उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते पट्टीने मोजा. दहा सेंटीमीटरच्या आसपास येत असेल तर घोट्याची तक्रार नाही. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा.

पोलीस भरतीच्या मुलांना मी बरीच वर्षे शिकवले. मैदानी चाचणीचे ५० गुण असतात आणि त्यात १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ असतात. ज्याचा गोळा चांगला जातो तो मुलगा रोज संध्याकाळी गोळाच फेकत असतो, कारण त्यात चारचौघांत शाबासकी मिळते, आणि ज्या धावण्यात त्याचे गुण जाणार असतात तिकडे तो फिरकत नाही. तुमचा टाळलेला पायांचा दिवस मला तसाच वाटतो.

वरुडची शिक्षिका

सरांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, एका गोष्टीत मात्र माझे मत वेगळे आहे. त्यांच्या उत्तरात चार कच्च्या बाजू आल्या आहेत, आणि दिवाळीचा आकडा चुकल्यावर वही बंद करून ठेवलेल्या माणसाने चारही एकदम हातात घेतल्या तर ती वही पुन्हा बंद होण्याची मला भीती वाटते. भाऊ, तुम्ही एक कच्ची बाजू निवडा आणि बाकीच्या सध्या जशा आहेत तशा चालू ठेवा. मला विचाराल तर ती बेंच प्रेसची नसावी, स्क्वॉटची असावी, कारण बेंच प्रेस तुम्ही काही न सांगताही करणारच आहात.

माझा अनुभव सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला एकही पुल-अप (बारला लोंबकळून हनुवटी बारच्या वर नेणे) येत नव्हता आणि आमच्या इथल्या जिममध्ये महिलांच्या वेळेत तो करणारी दुसरी कोणी नव्हती. मी ‘एक पुल-अप’ हे ध्येय वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि पहिल्या पानावर फक्त या महिन्याचे काम लिहिले. पहिल्या महिन्याचे काम होते बारला नुसते लोंबकळण्याचे. १२ सेकंदांपासून सुरुवात झाली आणि ते ४० पर्यंत न्यायचे होते. दुसऱ्या महिन्यात स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचे, अशा चार रेप्स. शाळेच्या मैदानावरच्या लोखंडी बारवर मुले घरी गेल्यावर मी हे करत असे.

पहिल्या दोन महिन्यांनंतर प्रगती थांबली आणि ती कुठे अडली हे कोणत्याही चित्रणात दिसेना. जिना चढतानाही दम लागू लागला तेव्हा रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन ८.९ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आहार बदलायला सांगितला आणि तीन महिने मला जोराचा व्यायाम कमी करावा लागला. त्यानंतर मात्र तीच खाली उतरण्याची रेप आठ सेकंदांची होऊ लागली, आणि सुरुवातीपासून दहाव्या महिन्यात पहिला पुल-अप झाला. कच्ची बाजू दर वेळी स्नायूतच असते असे धरून चालू नये, एवढ्यासाठी हे लिहिले. पुरुष सहसा या तपासण्या करून घेत नाहीत. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ ही तपासून घ्या, आणि रोज किती तास झोपता तेही वहीत लिहा.

कोरडवाहू

मी शेतकरी आहे आणि घरच्या कोठ्यात एक रॉड व थोड्या प्लेट्स ठेवून व्यायाम करतो. डेडलिफ्टने कंबर धरते म्हणालात, त्याचे एक कारण मला माझ्या घरी सापडले होते. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंच असतो आणि सगळे शिकवणे त्या उंचीवर आधारलेले असते. माझ्याकडच्या १० किलोच्या बिडाच्या प्लेटचा व्यास २७ सेंटीमीटर भरला, म्हणजे रॉड साडेतेरा सेंटीमीटरवर होता. नऊ सेंटीमीटर जास्त खाली वाकावे लागल्यावर पाठ गोल होणारच. मी आधी विटा ठेवून पाहिल्या, त्या दोन दिवसांत फुटल्या. आता सागाच्या जाड फळ्यांचे दोन थर दोन्ही बाजूंना प्लेटखाली ठेवतो आणि वर जुन्या टायरचा तुकडा अंथरतो. कंबरेचा त्रास थांबला.

ध्येयाची मुदत ठरवताना हंगाम पाहून ठरवा, ही माझी दुसरी सूचना आहे. तुम्ही कृषी केंद्रात आहात, म्हणजे मृग लागला की बियाणे आणि खतासाठी दुकानासमोर रांग लागते आणि तुम्हाला रात्री नऊशिवाय सुटका नसते. माझेही तसेच असते. पेरणी, डवरणी आणि फवारणीच्या दिवसांत अंगात वेगळा व्यायाम करण्याचे त्राण उरत नाही. म्हणून मी वजन वाढवण्याचे ध्येय तूर आणि कापूस घरी आल्यानंतरच्या महिन्यांत ठेवतो आणि पावसाळ्यात फक्त टिकवण्याचे ध्येय ठेवतो. वजन तेच ठेवून सेट्स कमी केल्या तर आठवड्यातून एक-दोनदा केलेला व्यायामही मिळवलेली ताकद काही महिने टिकवतो. ज्याने जून महिन्यात ताकद वाढवण्याचा संकल्प केला, त्याने तो मोडण्याची तारीखही तेव्हाच ठरवलेली असते.

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत असे सांगितले जाते. तुमच्या ६६ किलोला ती १०५ ग्रॅम होतात. दोन वेळच्या भाकरी आणि वरणातून त्याच्या निम्मीच पदरात पडतात. आपल्या भागात पोत्यांनी सोयाबीन पिकते आणि ते सगळे बाजार समितीत जाते, घरात कोणी शिजवत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. वाळलेल्या ५० ग्रॅम सोयावडीत साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि चार अंड्यांत २४ ग्रॅम. अर्धा लिटर दूध आणखी १६ ग्रॅम देते. सोयाबीनचे दाणे खायचे असतील तर भिजवून चांगले शिजवूनच खा, कच्चे खाऊ नका. आणि जिममध्ये कोणी लेबल नसलेली पावडर किंवा इंजेक्शन देऊ केले तर कृपा करून हात लावू नका. आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुणाला त्याची मोठी किंमत द्यावी लागली आहे.

पैनगंगाकाठ

सर, ताई, दादा, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. रविवारी मालकांची परवानगी घेऊन सगळे साहित्य दुकानाच्या काट्यावर घातले. ज्या रॉडला मी २० किलोचा समजत होतो तो १४.६ किलोचा निघाला. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा १७.९ किलोचा आहे. तिसरा वाकलेला आहे, तो बाजूला ठेवला. दहाच्या चार प्लेट्स ९.३, ९.४, ९.६ आणि १०.२ किलोच्या भरल्या. म्हणजे माझे ‘६० किलो’ खरे ५३.१ किलो होते; आणि ज्या दिवशी मी ६५ चा प्रयत्न केला त्या दिवशी दुसरा रॉड हाती आला असेल, तर अडीचच्या दोन्ही प्लेट्स मिळून ४.८ किलो धरता ते वजन ६१.२ किलो होते. पाच किलो वाढवतो आहे असे समजून मी आठ किलो वाढवत होतो. सरांच्या सूत्राने ५३.१ च्या सहा रेप्सवरून ६३.७ येतात आणि ६१.२ ची एकच रेप निघायला हवी, तेवढीच निघत होती. हे गणित जुळल्यावर मी दुकानातच बराच वेळ ती वही घेऊन बसलो होतो.

चित्रणात रॉड छातीपासून दोन इंचांवर अडताना दिसतो आणि त्याच वेळी माझे पाय जमिनीवरून उचललेले दिसतात, जे मला कधी जाणवलेही नव्हते. घोट्याच्या मापात उजवा पाय ९ सेंटीमीटर आणि डावा ५ सेंटीमीटर आला. तीन वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून डाव्या घोट्याला प्लास्टर होते. ते निघाले, चालता येऊ लागले आणि मी तो विषय संपला असे समजलो. ताईंचे ऐकून मी स्क्वॉट हीच एक बाजू निवडली आहे. घोट्यासाठी काय करावे?

अकोल्याहून फिजिओ

गुडघा भिंतीकडे नेताना ताण कुठे जाणवतो ते आधी पाहा. मागे, पोटरीच्या खालच्या भागात ताण येत असेल तर स्नायू आखडले आहेत आणि ते ताणण्याने सुधारते: गुडघा वाकवलेला ठेवून पोटरीचा ताण ३० ते ४५ सेकंद, तीन वेळा, रोज, आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याच्या रेप्स आठवड्यातून तीन दिवस. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखे किंवा हाड अडल्यासारखे वाटत असेल तर जोर लावून ताणू नका. जुन्या अस्थिभंगानंतर असे होऊ शकते, आणि ते एकदा प्रत्यक्ष दाखवून घेणे आवश्यक आहे.

दरम्यान टाचांखाली दोन-अडीच सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी ठेवून स्क्वॉट करण्यात काही कमीपणा नाही. वेटलिफ्टिंगच्या बुटांनाही टाच उंच असते. डंबेल छातीशी धरून केलेल्या स्क्वॉटपासून सुरुवात करा, अंग सरळ राहील. खांद्याची कळ कोपरे आत घेतल्यावर तीन-चार आठवड्यांत कमी झाली नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, किंवा हात वर नेताना ताकद कमी वाटली, तर व्यायामाचे प्रयोग थांबवून तपासणी करून घ्या.

जुनी तालीम

भाऊ, आता ध्येय लिहायला हरकत नाही. ताईंची सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे, म्हणून स्क्वॉट आठवड्यातून दोनदा, आणि तोही अंग ताजे असताना, सर्वांत आधी करा. बारा आठवड्यांची मुदत धरा. डाव्या घोट्याचे माप ५ वरून ८ सेंटीमीटर, आणि खऱ्या ५० किलोचा पूर्ण खोलीचा स्क्वॉट, पट्टीवर, पाच रेप्सच्या तीन सेट्स, एवढेच लिहा.

बेंच प्रेस एकाच रॉडवर करा. ५० किलोवर उतरा, प्रत्येक रेप छातीवर थांबवा आणि तिन्ही सेट्समध्ये आठ-आठ रेप्स निघाल्या की एक किलो वाढवा, त्याआधी नाही. दोन सेट्सच्या मध्ये निदान तीन मिनिटे बसा. तुमच्या सव्वा तासात ती बसतात. चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात एक आठवडा सेट्स निम्म्या करा. सर्वाधिक वजन उचलून पाहण्याची आता गरज नाही, दर पंधरा दिवसांनी त्या सूत्राने आकडा काढून वहीत लिहिला की पुरे.

पैनगंगाकाठ (आठ आठवड्यांनंतर, एप्रिल)

कळवायला उशीर झाला. डाव्या घोट्याचे माप आज साडेसात सेंटीमीटर आले. ताण मागच्या बाजूलाच येत होता, त्यामुळे रोज सकाळी दात घासताना ओसरीच्या पायरीवर टाच खाली नेण्याचा सराव केला. स्क्वॉट ४४ किलोवर आहे आणि चित्रणात टाचा पट्टीवर टेकलेल्या दिसतात. बेंच प्रेस, रॉड छातीवर थांबवून, ५३ किलोच्या आठ, सात, सात रेप्सवर आला आहे, म्हणजे पूर्वी आपटून ज्या वजनाच्या सहा निघत होत्या, त्याच वजनाच्या आता थांबवून आठ निघतात. सूत्राने हा आकडा ६७ च्या वर जातो. खांद्याची कळ दुसऱ्या आठवड्यानंतर आली नाही.

मालकांनी पांढरा ऑइल पेंट आणून दिला आणि आम्ही प्रत्येक रॉडवर व प्लेटवर खरे वजन लिहिले. दोन मुलांना आपला आकडा कमी झाल्याचे पाहून वाईट वाटले, पण त्यांनीही वह्या आणल्या आहेत. आता उन्हामुळे सहा वाजता शेडमध्ये थांबवत नाही, रॉड हातात धरवत नाही. आणि कोरडवाहू दादा म्हणाले तसा जून जवळ येतो आहे. पेरणीच्या दिवसांत नेमके काय ठेवावे आणि काय सोडावे?

कोरडवाहू

उन्हाचा उपाय पहाटेचा आहे. साडेपाचला सुरू करून साडेसहाला संपवा, जाण्याआधी पाणी प्या आणि सोबत मीठ-साखर-लिंबाचे पाणी ठेवा. मे महिन्यात सायंकाळी पत्र्याखाली जोराचा व्यायाम करू नका.

पेरणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनच दिवस ठेवा. दोन्ही दिवशी स्क्वॉटच्या दोन सेट्स, बेंच प्रेसच्या दोन आणि पाठीकडे ओढण्याच्या दोन, मे अखेरीस जे वजन असेल त्याच वजनाने. डेडलिफ्ट सोडा, कारण दुकानात तुम्ही खताची पोती उचलणारच आहात. घोट्याचा पायरीवरचा सराव मात्र एकही दिवस सोडू नका, त्याला जिम लागत नाही. आणि पहाटे कुलूप कोण उघडणार हे मालकांशी आत्ताच बोलून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की तेही वावरात असतील आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारायला गावात कोणी सापडणार नाही.